हसऱ्या महालक्ष्म्या

बाबा, महालक्ष्म्या बसायला थोडेच दिवस उरलेत आणि माझ्यापुढे दोन कोरे मुखवटे ठेवलेत. रंग कालवण्याआधी तुमच्याशी एकदा भांडून घेते. तुम्ही असताना नीट भांडताच आलं नाही.

आपल्या अमरावतीच्या घरी ओसरीवर तुम्ही गावभरच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे रंगवायचे. डोळे सगळ्यात शेवटी, सकाळी आंघोळ करून, उपाशीपोटी. माझ्या लहानपणची अशीच एक सकाळ आहे. मी शेजारी बसून काजळी खलते आहे. तुम्ही आत गेलात, तेवढ्यात मी लाल रंगाची काडी घेऊन जोडीतल्या धाकटीच्या ओठांची टोकं जराशी वर नेली. धाकटी चक्क हसली! मला इतका आनंद झाला, की मीच तुम्हाला हाक मारली. तुम्ही ओलं फडकं घेतलंत आणि ते ओठ पुसून टाकलेत. “देवीले आपलं तोंड नाई लावत, पोरी. हे घराण्याचं काम आहे, तुह्या मनाचं नाई.”

मी ते ब्रह्मवाक्य मानलं. लग्न होऊन अकोल्याला आले, इथेही मुखवटे रंगवू लागले, आणि सगळे तुमच्या शिस्तीतले, ओठ घट्ट मिटलेले. बायका म्हणायच्या, “तुमच्या लक्ष्म्या रागावल्यावानी काहून दिसते वं?” मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, आमच्या घराण्याची रीत आहे. मग माझं एकेक गिऱ्हाईक तुटत गेलं. कुणीतरी हसऱ्या लक्ष्म्या काढून देतो म्हणे. देवीची थट्टा करणारा हा कोण, म्हणून मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

एका वकिलांकडे हळदीकुंकवाला गेले तेव्हा तो कोण ते कळलं. ओटी भरायला वाकले आणि वर पाहिलं. थोरलीच्या हनुवटीखाली अंगठ्याएवढी जागा कोरी होती. मुखवटा डाव्या हातात धरून तुम्ही नेहमी तिथे अंगठा टेकवायचे. वकिलीणबाई कौतुकानं सांगत होत्या, “अमरावतीहून एक म्हातारबुवा येते. असं हसू कोणालेच जमत नाई.” अकोल्यात येत होता तुम्ही, बाबा, आणि लेकीच्या दारावरून परत जात होता.

मी बडनेऱ्याला गाडी बदलून तशीच माहेरी आले. “मले काहून नाई सांगतलं?” म्हटलं. तुम्ही आजारी होतात, खाटेवर पडल्यापडल्या म्हणालात, “जमाना बदलला. लोकाईले आवडते.” आणि पाणी मागितलंत. मी पाणी दिलं. त्याच आजारात तुम्ही गेलात.

तुम्ही बदललात याचा राग नाही. मला जागच्या जागी खिळवून तुम्ही एकटे पुढे निघून गेलात, आणि तेही माझंच हसू घेऊन. दगा दिलात तुम्ही मला.

आणि ते हसू माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे तर फारच लागलं. मी नुसती टोकं वर ओढली होती. तुम्ही ओठ मिटलेलेच ठेवून गाल तेवढा उजळला होता, कुंकवात किंचित पिवळी माती मिसळून असेल, काय माहीत. ते मला शिकवलं असतं तर बाकी सगळं मी गिळलं असतं.

हा कागद कुठे पाठवायचा? रंगाच्या वाटीखाली घालून ठेवते. सकाळपासून थोरलीचा गाल रंगवते आहे आणि पुसते आहे. मला ते अजून जमत नाही, बाबा.