बिनहळदीचं वरण

विलेपार्ले

प्रिय दीप्ती,

श्रुतिकाला हेपटायटिस सी आहे, हे तुला मस्कतला कसं कळवावं, सुचत नाही. लिव्हरचं दुखणं म्हटल्यावर मी कावीळच समजले. मला लहानपणी झाली होती, तेव्हा कॉन्व्हेंटच्या सिस्टर प्रेमाने बिनहळदीचं वरण भरवायच्या. तुझ्या लेकीलाही मी तेच वाढलं, कपही वेगळा ठेवला.

डॉक्टरबाई हसल्या. "आजी, तिला सगळं खाऊ द्या. एका ताटात जेवलात तरी लागत नाही. तीन महिने गोळ्या घेतल्या की बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात." मला हायसं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "हा आजार जन्माच्या वेळी आईकडून आला असावा. आईचीही तपासणी करून घ्या."

आता चांगली बातमी सांगताना हे गाळू कसं? सांगितलं तर तू स्वतःला दोष देत बसशील. नाही सांगितलं तर तुझ्यावर उपचार कसे होणार? डोकं चालत नाही गं.

श्रुतिका मागे उभी राहून वाचतेय. म्हणते, "आजी, किती ड्रामा! आईलाही असेल तर आम्ही व्हिडिओ कॉलवर एकदमच गोळ्या घेऊ ना. नाहीतर ती विसरेल."

पत्र राहू दे. ती तुला फोन लावतेय.

तुझीच,
आई