पोचल्याची खबर

आये,

बॅग भरून झाली. गॅस बंद केला, तुळशीची कुंडी शेजारच्यांच्या दारात नेऊन ठेवली. उद्या सकाळी दौंडहून विमानतळाची गाडी आहे. राहिलाय तो फक्त केर. दुपारपासून दोनदा झाडू हातात घेतला आणि दोन्ही वेळा ठेवून दिला. माणूस निघायच्या आधी झाडलेलं चालतं, निघाल्यावर नाही, एवढं मला ठाऊक आहे. पण जाणारीही मीच आणि मागं राहणारीही मीच, तर तुझा नियम लावायचा कुणाला? तू असतीस तर म्हणाली असतीस, "शिकल्याली हायेस न्हवं, मग तूच सांग की."

मला कळायला लागल्यापासून हा नियम आपल्या घरात आहे. दिवाळी झाली की आप्पा मेंढरं घेऊन कोकणाकडं निघायचे. तुझी सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून तू आम्हा दोघा भावंडांना घेऊन मांडवगणलाच राहायचीस. कळप वळणापलीकडं दिसेनासा झाला की तू आत यायचीस आणि केरसुणी उचलून माळ्यावर टाकायचीस. घाट सुखरूप उतरल्याचा निरोप येईपर्यंत ओसरीवर लेंड्या, पाला, माती सगळं जिथल्या तिथं. निरोप तरी कोण आणणार? शिरूरच्या बाजारात कुणी ओळखीचं भेटलं तर. कधी आठ दिवस, कधी पंधरा. एकदा शाळेतल्या बाई घरी येणार म्हणून मी गुपचूप ओसरी झाडली, तर तू पाठीत असा धपाटा घातलास की बस्स! "बाप वाटंवर हाय आन् तू झाडतीस? गेल्यामागं लगीच घर कवा झाडत्यात, ठावं हाय का तुला?" मला ठावं नव्हतं. नऊ वर्षांची होते मी. रडत रडत तोच केर परत ओसरीभर पसरला, आणि ते बघून तूच पदर तोंडाला लावून हसायला लागलीस.

आम्ही दोघं परदेशी गेलो तेव्हा मी पंचेचाळिशीत होते. ह्यांनी कंपनीतून लवकर निवृत्ती घेतली होती, पोरबाळ नव्हतं, आणि त्यांचे कॉलेजातले दोन मित्र, एक इंग्लंडात आणि एक जर्मनीत, वर्षानुवर्षं या म्हणून मागं लागले होते. अडीच महिन्यांचा बेत. तुझा निरोप घ्यायला मांडवगणला आलो तर तू घोंगडं काढून ठेवलेलं, आप्पांचं. म्हणालीस, "तिकडं थंडी लई म्हनं." ह्यांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी मुकाट्यानं ते बॅगेच्या तळाशी घातलं. एसटीत चढताना तू खिडकीशी येऊन म्हणालीस, "पत्तर नगं. पोचलीस की फोनवर आवाज ऐकव." फोन म्हणजे आपल्या घरासमोरचा, गिरणीशेजारचा एसटीडी बूथ. त्याचा नंबर मला आजही पाठ आहे.

इंग्लंडातल्या मित्राची बायको स्वभावानं फार चांगली, तिला नाव ठेवायला जागा नाही. आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि तिनं आमच्यासाठी चार मराठी कुटुंबं जेवायला बोलावली होती. सगळ्यांचं बोलणं कसं स्वच्छ, धुतल्यासारखं. ह्यांचंही तसंच. तुझे जावई मूळचे राहू गावचे, पण नोकरीला लागल्यापासून त्यांनी जिभेवरची माती पार झटकून टाकलेली. जेवताना एकानं आपल्या गावाकडच्या गड्याची नक्कल केली. "काय वो सायेब, न्हाई व्हय, हाय व्हय," असं काहीबाही. सगळे हसून हसून लोळले. हेही हसले. आये, मीही हसले.

जेवणं उरकली. मंडळी बागेत गेली तेव्हा मित्राची बायको म्हणाली, "अहो, आईंना फोन करायचा होता ना? करा की आत्ताच, हॉलमध्ये कुणी नाही." मी नंबर लावला. बूथवाल्यानं उचलला, आणि मी आहे म्हणताच त्यानं रिसिव्हर बाजूला ठेवून दारातून हाक दिली, "ओ मावशे, विलायतेचा फोन!" ती हाक मला इतक्या लांब लख्ख ऐकू आली. मग तुझी धाप. मग तू. "ह्यालो? बाय, तू हाय का गं? बोल की!" मी तोंड उघडणार तेवढ्यात बागेतली सगळी मंडळी आत आली, कसल्याशा गोष्टीवर खो खो हसत. मला बघून हळू झाली आणि सोफ्यावर बसून कौतुकानं माझ्याकडं बघायला लागली. आता तुझ्याशी बोलायचं म्हणजे कसं बोलायचं? "आई, आम्ही सुखरूप पोहोचलो," असं म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, कोन बोलतंय? आणि "आये, म्या हाय, पोचले बग," असं म्हणायची त्या हॉलमध्ये माझी छाती झाली नाही. तू पुन्हा "ह्यालो, ह्यालो" केलंस. मी रिसिव्हर खाली ठेवला. म्हणाले, "लाइन कट झाली." ह्यांनी रात्री विचारलं, झालं का बोलणं? मी हो म्हटलं.

मग आम्ही फिरलो. तळी बघितली, किल्ले बघितले, उन्हाळ्यात बर्फ बघितलं. हे आणि त्यांचा मित्र गाडीत पुढं बसायचे आणि हॉस्टेलच्या गोष्टी काढायचे, त्यातलं कुणीच माझ्या ओळखीचं नव्हतं. फोटोत मी प्रत्येक ठिकाणी कडेला आहे, पर्स पोटाशी धरून. एका डोंगराच्या पायथ्याला चहाला थांबलो तर अख्खा डोंगर मेंढरांनी पांढरा झालेला, आणि राखायला माणूस नाही की कुत्रं नाही! मला इतकं बोलावंसं वाटलं कुणाशीतरी. ह्यांना म्हटलं, "अहो, बघा ना, मेंढरं." ते म्हणाले, "हं, छान आहेत," आणि परत मित्राकडं वळले. मी कुंपणाशी गेले आणि आप्पा द्यायचे तशी जीभ टाळूला लावून हाक दिली. एकाही मेंढरानं मान वर केली नाही. त्यांना मराठी येत नाही, असं मी स्वतःशीच म्हटलं, आणि मग मला रडू आलं.

तुला फोन केला तो बाविसाव्या दिवशी, जर्मनीतून, रस्त्यावरच्या काचेच्या डब्यातून. आजूबाजूला मराठी समजणारं कुणी नव्हतं, म्हणून एवढी जीभ सुटली. "आये, म्या हाय! बरी हाय! जेवले!" मी मोठ्यानं बोलत होते आणि येणारे-जाणारे बघत होते. मला वाटलं तू रागावशील, रडशील, काहीतरी विचारशील. तू नुसतं म्हणालीस, "बरं झालं बाय. जा, आता झाडून घेते." आणि फोन ठेवलास. मला इतका राग आला! मी जगाच्या टोकावरून फोन करतेय आणि म्हातारीला केर सुचतोय, असं मी ह्यांना बोलूनही दाखवलं. अक्कल गहाण ठेवली होती माझी. नियम नऊ वर्षांची असताना पाठीत बसलेला, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

परत आल्यावर वहिनीनं सांगितलं. बावीस दिवस तू ओसरीवर झाडू लावू दिला नाहीस. फोन आला म्हणजे पोचली की हो, असं बूथवाल्यानं समजावलं, तर म्हणालीस, आवाज कुठं ऐकला म्या? येणारे-जाणारे नाकं मुरडत होते. मी तुझ्यावरच ओरडले, "आये, घराचा उकिरडा केलास! लोक काय म्हणतील?" तू शेंगा फोडत बसली होतीस. वर न बघता म्हणालीस, "त्या दिशी फोन कट झाला व्हय गं?"

"हो. लाइन खराब होती."

"व्हय, लांबचं हाय. पर मागं मानसं हसत हुती, ते आलं मला ऐकू. तेवढंच बरं वाटलं. म्हनलं, लेक मानसांत हाय."

मी शेंगा फोडायला बसले.

तू गेलीस त्या दिवशी मी वेळेत पोचले. तुला उचलून बाहेर नेलं आणि वेशीपर्यंतही पोचली नसशील, तोवर भावकीतल्या एका म्हातारीनं केरसुणी आणून माझ्या हातात दिली. "झाड गं बाय. मानूस गेलं की लगीच झाडायचं असतं." तेव्हा कुठं तुझ्या धपाट्याचा अर्थ मला लागला. मी केरसुणी घट्ट धरून उभी राहिले. म्हातारी खेकसली, "अगं झाड की!" आवाज ऐकल्याशिवाय कशी झाडू, असं तिला सांगायचं होतं. शेवटी वहिनीनं माझ्या हातातनं ती काढून घेतली आणि सगळं घर झाडून काढलं.

ह्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. इंग्लंडातला तो मित्रही गेला, आणि गेल्या महिन्यात त्याच्या बायकोचा फोन आला, "या ना, दोघी राहू थोडे दिवस." म्हणून निघालेय. त्याच घरात, त्याच हॉलमध्ये. बागेतून हसत आत येणारं आता कुणी नाही.

लाइन कट झाली नव्हती आये, मी ठेवली, हे एव्हाना तुला कळलं असेलच. पण ते नाही सांगायचं मला. तू म्हणालीस ना, लेक मानसांत हाय? माणसं होती, हसतही होती. मी त्यांच्यात नव्हते गं, अडीच महिने कुणातच नव्हते. तुला तेवढंच बरं वाटलं होतं, म्हणून बोलले नाही.

घोंगडं ह्या वेळी बॅगेत सगळ्यात वर ठेवलंय. केर मात्र राहू देते. पोचले की आवाज ऐकवायचा तो कुणाला, हे काही सुचत नाही. परत आल्यावर मलाच झाडावं लागेल.