पय म्हणजे पळ

हिंगणघाट, रविवार, संध्याकाळ

धाकट्या भावाचा, विनोदचा, लष्करी इस्पितळातून फोन आला. पाय वाचला! आज तो आधाराशिवाय चालला.

शेवटी सगळं त्याच्याच तोंडून कळलं. तो नव्या जवानांना ग्रेनेड फेकायला शिकवत होता. एकाच्या हातून ग्रेनेड निसटून पायाशीच पडला. विनोद ओरडला, "पय बे, पय!" त्या पंजाबच्या पोराला ते काय कळणार? तो उभाच राहिला. मग विनोदने त्याला उचलून बुटक्या भिंतीपलीकडे टाकलं आणि मागोमाग स्वतः उडी मारली. तुकडे विनोदच्या पायात घुसले, पोराला ओरखडाही नाही.

"हिंदीत काऊन नाई ओरडला?" मी विचारलं.

"तेवढ्या टाइमात घरचंच तोंडात येते, दादा. मास्तर, आता मारशीन का मले?"

'पय नाही, पळ म्हण', असं सांगत लहानपणी मी त्याला टपल्या मारल्या आहेत. कशासाठी? आज मीही 'का' सोडून 'काऊन'च म्हणालो की. अभिमानाने ऊर भरून आला, पण शाबास म्हणायचं राहूनच गेलं.

तो पंजाबचा पोरगा तिथंच, विनोदच्या खाटेशी बसला होता. आईनं माझ्याकडून फोन ओढून घेतला आणि त्या पोरालाच विचारलं, "बाप्पा, तुले कुठी लागलं तर नाई ना?"

या वेळी मात्र त्याला वऱ्हाडी कळली. "नहीं माँजी, कुछ नहीं लगा."