नऊ आणि पुढची दोन अक्षरं

५ जानेवारी २०२५, रावेर
माळा आवरताना खजिना सापडला. १९९६ साली च्युइंगमसोबत मिळालेलं क्रिकेटचं कार्ड. त्यावरचा फास्ट बोलर तेव्हा नवखा होता, पुढे फार मोठा झाला. कोपरे एकदम कडक. चारुलता खालून ओरडली की माळा अर्धाच झालाय. बायकोला बारीकसारीकच दिसतं.

९ जानेवारी
पुण्याच्या मोनालीला फोन केला. चुलतभावाची मुलगी, अशी कार्डं अमेरिकेला ग्रेडिंगला पाठवते. दहापैकी नऊ आले तर साठ हजार! पण आकड्यापुढे अक्षरंही लागतात म्हणे. छपाई सरकलेली असेल तर ओसी, कुणी काही लिहिलेलं असेल तर एमके. अक्षरं लागली की नऊचं कार्ड सातच्या भावात जातं.
बावीस वर्षं केळीचं ग्रेडिंग करतोय. मला शिकवते.

१२ जानेवारी, दुपारी
भिंगाने तपासलं. छपाई सरळ. डाग नाही. मागच्या बाजूला कोपऱ्यात बॉलपेनने बारीक 'ई. पा. ओके' अशी सही केली. बन्सीलाल नानांच्या पॅकिंग हाऊसमधून माझ्या सहीशिवाय एक खोका ट्रकवर चढत नाही, आणि हे तर अमेरिकेला चाललंय. तिथल्या माणसाचंही अर्धं काम वाचेल.
मोनालीला कुरिअर केलं.

१६ जानेवारी
मोनालीचा फोन. काका, मागे पेनाने तुम्ही लिहिलंत? म्हटलं, सही आहे. तिने फॉर्म काढला. मग म्हणाली, फॉर्मवर 'अक्षरं नकोत' अशी टिक करता येते, मग ते अक्षराऐवजी ग्रेडच कमी करतात. साफ नकार दिला. सवलत कच्च्या मालाला.
एमकेचा विचार क्षणभर आला. पण ते पोराटोरांच्या रेघोट्यांसाठी असणार. सही म्हणजे खात्री.

१ फेब्रुवारी
राजीनामा दिला. आता पूर्णवेळ कार्डांचा धंदा. जळगावला ऑफिस काढणार, काचेचं दार. नाना मूळचे नरडाण्याकडचे, तापले की अहिराणीत बोलतात. म्हणाले, "येडा व्हयना का तू? आते माल कोन दखी?" दया आली. चार दिवस चारुलता बघेल, असं सांगून टाकलं. तिचं माहेर असोद्याचं, केळी बघतच वाढली. तिला विचारायचं राहिलं.

१० फेब्रुवारी, सकाळी ९.४०
उशीर झाला उठायला. उद्यापासून पाचला उठून मार्केटचा अभ्यास. आज जुन्या मॅचेस पाहतो, तोही अभ्यासच.
चारुलता साडेपाचला जाते. म्हणे पाच ट्रक गेले, एक तक्रार नाही. नव्याचे नऊ दिवस.

११ फेब्रुवारी, सकाळी १०.१५
पाचचा गजर वाजला होता म्हणे.

२२ मार्च
नाशिकचं गिऱ्हाईक पक्कं! नऊ आले, पुढे अक्षर नसलं, की साठ हजार. सगळ्या गल्लीला सांगून टाकलं. मगन चहावाल्याने विचारलं, आणि अक्षर लागलं तर? काही माणसांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

१६ एप्रिल
निकाल. नऊ. एमके.
मोनाली म्हणाली, सही नसती तर निव्वळ नऊ होते. तिला समजावलं, म्हणजे माल नऊचाच होता, माझं ग्रेडिंग बरोबर निघालं. ती हो म्हणाली. नाशिकवाला सातच्या भावाने नऊ हजार म्हणाला, मग विचार करून सांगतो म्हणाला. आता फोन उचलत नाही.
जेवण गेलं नाही. खरं सांगायचं तर रडू आलं.

१८ एप्रिल
नानांकडे गेलो. म्हटलं, राजीनामा पदाचा होता, मालाचा नव्हे. नाना हसले. "जागा भराई गई, भाऊ." चारुलता कायम झाली. आठवड्याला माझ्यापेक्षा दोनशे जास्त. काम हवं तर तिला विचार, म्हणाले.
घरी येऊन विचारलं. तिने पोळी लाटता लाटताच ऐकून घेतलं. खोके जोडायला माणूस लागतो, म्हणाली, पण आधी आठवडाभर बघेन. सहाला हजर. तिला साडेपाचलाच निघावं लागतं, तेव्हा दोघांचे डबे उद्यापासून माझ्याकडे.
पोळ्या गोल नसल्या तरी चालतील, म्हणाली.