जमिनीला न टेकलेला सराव

हिंगणी, जि. वर्धा
१६ नोव्हेंबर २०२४

चि. अंकुश,

अनेक आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. इकडे सर्व ठीक. कापूस फुटला आहे, वेचायला माणसं मिळत नाहीत. तुझी आई रोज डबा घेऊन सावंगीच्या दवाखान्यात येते, बहुतेक माझ्याआधीच पोचते.

आकांक्षा जेवते, बोलते. कमरेखाली अजून हालचाल नाही. काल म्हणाली, "बाबा, ह्या खाटेलेबी पेडल नाई. मले अशाच मशिनी भेटते." नर्स हसली. मीही हसलो.

पेडल अडकलं तर कसं उतरायचं, फौजेत मी हेलिकॉप्टरवाल्यांना हेच शिकवत आलो, तुलाही शिकवलं. तुझ्या कंपनीत आकांक्षाला तू, तिचा सख्खा चुलतभाऊ, शिकवणार, म्हणून मी निर्धास्त होतो.

शेपटीवरच्या पंख्याचं पेडल हवेत अडकलं, तर हेलिकॉप्टर एका जागी थांबवून खाली उतरवता येत नाही. ते स्वतःभोवती फिरू लागतं. वेग ठेवून धावपट्टीवर टेकवायचं आणि घसरत जाऊ द्यायचं. अपघाताच्या दिवशी पेडल खरंच अडकलं, तेव्हा तिनं अगदी तसंच आणलं होतं, सरळ. जमीन हातभर राहिली आणि तिनं डाव्या हातानं दांडा वर ओढून पॉवर वाढवली. नाक फिरलं, मशीन उलटलं. शेजारी बसलेला मेकॅनिक मुकेश जागीच गेला.

मुकेशची आई मंदाबाई परवा जामहून आली. खाटेपाशी उभी राहून एवढंच म्हणाली, "उतरूनच राह्यली होती नं, पोरी? मंग वर काऊन उचललं?"

"मावशी, माह्याच हातानं घात केला."

ती गेल्यावर मी आकांक्षाला म्हटलं, "डोळे मीट. धावपट्टी आली. आता?"

तिचा डावा हात चादरीवरून आपोआप वर आला.

"हे काय?"

"इथं दादा म्हणे, उचल. टेकवलं का मशिनीखालच्या पट्ट्या घासते, मंग कंपनी बोंबलते. पण तो सराव होता, बाबा. खरं आलं तवा मले समजाले पायजे होतं."

अंकुश, दर वेळी टेकायच्या आत तू तिला उचलायला लावलंस आणि सराव पूर्ण झाला म्हणून सांगत राहिलास. तिच्या हातानं घात केला नाही. त्यानं तुझं ऐकलं.

शुक्रवारी चौकशीत तुला विचारतील. तुझ्या आईला हे सारं सांगितलं, तर म्हणाली, "भाऊजी, त्याची नोकरी जाईन. तुमची पोरगी तं तशीबी आता उडत नाई." बोलता बोलता तिनं डबा माझ्या हातात दिला. मी घेतला.

आकांक्षाला मी अजून काही बोललेलो नाही. तू ये आणि सांग. ती शिव्या देईल, ऐकून घे. मग जामला मंदाबाईकडे जा, एकटा. तिच्या लेखी माझ्या मुलीनं तिचा मुलगा मारला आहे, आणि माझी मुलगीही तेच मानून पडली आहे.

गुरुवारपर्यंत आला नाहीस, तर शुक्रवारी मीच चौकशीपुढे उभा राहीन. आकांक्षालाही मीच सांगेन, तुझी आई डबा उघडत असेल तेव्हा, तिच्यादेखत.

आकांक्षाचा बाप,
धनंजय