मातीच्या भिंतीतली भोकं

अप्पा, पिरॅमिड बांधणं जास्त अवघड की झिगुरात, असं तुम्ही एकदा विचारलं होतं. आपल्या घरातली पहिली पदवी माझी, तीही इतिहासातली, आणि तरी मला त्याचं उत्तर देता येत नाही.

ती संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे: हाटकेशच्या आपल्या खोलीत आई भाकऱ्या थापतेय, मी ओट्याला टेकून पुस्तक उघडून बसलेय आणि तुम्ही साइटवरून येऊन नखांतलं सिमेंट काढताय. उद्या वर्गात मला या दोन वास्तूंची तुलना मांडायची आहे. मी मोठ्यानं वाचते: पिरॅमिड दगडाचा, राजाला आत ठेवून बंद केलेला; मेसोपोटेमियातला झिगुरात विटांचा, टप्प्याटप्प्यानं चढत गेलेला, माथ्यावर देऊळ, वर जायला जिने. तुम्ही वाकून झिगुरातच्या फोटोवर ओलं बोट ठेवता. "ही भोकं कसली गं?" पुस्तकात त्याबद्दल काहीच नव्हतं. "आत कच्ची वीट असणार. बाहेरून भाजलेली लावली म्हणून आतली ओल थोडीच जाते? ती फुगली की भिंत पोट काढते. भोकं ठेवायलाच लागतात." मी वैतागून म्हटलं, "अप्पा, हे चार हजार वर्षांपूर्वीचं आहे, तुमची साइट नाही." "मग? तेव्हा पाणी काय वर चढायचं?" आई इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. मग तुम्ही पिरॅमिडकडे वळलात. दगडाला ओलीची भीती नाही, म्हणालात, पण तळाच्या थरात बोटभर चूक झाली तर माथ्याला जाईपर्यंत ती हातभर होते. मातीत निदान पुढच्या थराला सावरून घेता येतं.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं निबंधात घालून वर्गात मांडलं. बाई खूश झाल्या. कुठे वाचलंस, म्हणाल्या. मी म्हटलं, लायब्ररीत. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "भोकांचं सांगितलंस का?" "सांगितलं. बाईंना आवडलं." तुम्ही मान हलवलीत आणि जेवायला बसलात. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात.

आता बाई तो निबंध विभागाच्या पुस्तिकेत छापतायत, आणि त्याच्याच जोरावर मला कॉलेजात शिकवायला घ्यावं म्हणून त्यांनी वर शब्द टाकलाय. संदर्भ तेवढे पाठव, म्हणाल्या. खरं सांगितलं तर मी तेव्हा खोटं बोलले हे कळणार, आणि शिकवण्याचं काम कदाचित हातचं जाणार. आईला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांना काय, नाव नाही छापलं तरी चाललं असतं." चाललं असतं, हे मलाही माहीत आहे. त्याचाच जास्त त्रास होतो.

हे पत्र वहीतच राहील. बाईंना मात्र आज दुपारी सगळं लिहिलं. एक कबूल करते, तुमच्या कामाबद्दल लिहिताना माझ्या हातून आधी 'बांधकाम व्यवसाय' उमटलं. ते पुसलं, 'गवंडी' लिहिलं आणि मेल पाठवून दिली.