बहात्तर किलोंची फळी

अण्णा,

कर्र, कर्र, कर्र, आणि मग टेबलावर मोठी कात्री ठेवल्याचा ठक्क. आज सकाळी पंख्याखाली डोळे मिटून पडलो होतो तेव्हा हा आवाज ऐकू आला, अगदी चिकपेटेतल्या आपल्या शिवणाच्या दुकानात शिरल्यासारखा. डोळे उघडून पाहिलं तर आमच्या जयनगरच्या घरासमोर कोणी तरी नारळाची झावळी फरफटत नेत होतं. पण त्या फरफटीला शेवटचा ठक्क नव्हता. तो मीच मनाने जोडला होता. शाळेत असताना कवितेची एखादी ओळ अपुरी वाटली की मी मनानेच तिला शेवटचं अक्षर जोडून टाकायचो, तसंच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी ही खोड गेलेली नाही, आणि आज जे लिहायचं आहे ते या खोडीबद्दलच आहे.

आधी तुम्हाला एक नवलाची वस्तू सांगतो. हल्ली लोक पाण्यावर उभे राहतात. खरंच. हवा भरून टणक केलेली एक लांब फळी असते, तिच्यावर माणूस ताठ उभा राहतो आणि हातातल्या लांब वल्ह्याने तळ्यातून फिरतो. तुम्हाला आपली ती केरे, ते जुनं तळं, आठवतं ना, जिच्या काठावर रविवारी आपण चिरमुरे खात बसायचो? तिच्यात मासे धरणारा एक जण वेताच्या गोल टोपल्यातून फिरायचा, आणि मी विचारायचो, "अण्णा, तो उभा का राहत नाही?" तुम्ही म्हणायचात, "उभं राहायला खाली जमीन लागते बाळा." ती केरे बुजवून तिथे केव्हाच बस स्टँड झाला. आता तिथे हजारो माणसं रोज उभी असतात. आणि शहराबाहेरच्या एका तळ्यावर तुमची पणती लोकांना पाण्यावर उभं राहायला शिकवते. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. के. आर. पुरमला राहते, आठवडाभर कंप्युटरवर काम करते आणि शनिवार-रविवार तळ्यावर असते.

मी तिच्या मागे लागलो होतो, मलाही उभं कर म्हणून. तुमची सून म्हणाली, "घरात स्टुलावर चढायला भितात आणि पाण्यावर उभे राहणार म्हणे! सरी, बरं जा. कोरडा टॉवेल पिशवीत ठेवते, लागेलच." नात मात्र हसली नाही. तिने मला एका ओळीत ठेवलेल्या फळ्या दाखवल्या आणि एकेकीचं माप समजावलं. अण्णा, तुम्ही तिथे हवे होतात. लांब आणि अरुंद फळी पाण्यातून सरळ, वेगाने जाते, पण नवख्याला डगडगते. रुंद फळी मंद, पण पायाखाली शांत. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, आणि सगळ्यात गंमत म्हणजे फळीचं आकारमान लिटरमध्ये! मी म्हटलं, "फळी आहे का दूध?" तर म्हणते, "आतली हवा आजोबा. जितके लिटर, तितकं पाणी ती बाजूला सारू शकते." मी लगेच शंका काढली. फळीवर तीनशे लिटरच्या आसपास लिहिलंय, म्हणजे तीनशे किलोचा माणूस चालला पाहिजे. मग तुम्ही हिच्यावर पंचाहत्तर किलोंच्या वर माणूस चढू का देत नाही? ती थांबली आणि म्हणाली, "बुडणार नाही आजोबा. पण उभं राहता येणार नाही. तरंगणं वेगळं, तोल वेगळा." हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं.

वल्ह्याचं माप तर हुबेहूब तुमच्यासारखं. ते माझ्याशेजारी उभं धरलं, मला हात वर करायला लावला आणि मूठ माझ्या मनगटापाशी येईल इतकी दांडी वरखाली केली. मला त्या क्षणी तुमच्या गळ्यातली टेप दिसली, तिची पितळी टोकं झिजलेली. मग तिने विचारलं, "आजोबा, वजन किती तुमचं?"

समोर दोन फळ्या होत्या. एक निळी, देखणी, निमुळती. दुसरी पिवळी, आपल्या दुकानाच्या फळकुटी दारासारखी रुंद. तिने सांगितलं, "पंचाहत्तरपर्यंत असाल तर निळी चालेल. त्याच्या वर असाल तर पिवळी." आणि मी म्हटलं, "बहात्तर."

आता हे बहात्तर कुठून आलं ते ऐका. रेल्वे फलाटावर वजनाची यंत्रं असायची, रंगीत दिवे फिरणारी. नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. माझ्या नोकरीच्या भरात कधी तरी पडलेलं तसं एक तिकीट मी कवितांच्या वहीत खूण म्हणून ठेवलंय. त्यावर बहात्तर आहे. भविष्य आहे, 'आपल्या शब्दाला मान मिळेल.' तेव्हापासून कोणी विचारलं की मी बहात्तर सांगतो. शाळेतल्या कविता पाठ आहेत तसं माझं वजनही मला पाठ आहे. पाठ केलेली गोष्ट बदलत नाही अशी माझी समजूत असावी. पण अण्णा, तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू. ती पिवळी फळी मला म्हाताऱ्याची वाटली होती, आणि तोंडातून बहात्तर निघताना माझं पोट मी आत ओढून धरलं होतं.

तुमच्या दुकानात हे रोज चालायचं. टेप कमरेला लावली की मोठमोठे अधिकारी श्वास रोखून उभे राहायचे. तुम्ही कोणाला टोकलं नाहीत. टेप सैल धरून विचारायचात, "काय साहेब, आज उप्पीटात मीठ होतं की कालच्यासारखंच?" गिऱ्हाईक हसायचं, श्वास सुटायचा, पोट जागेवर यायचं आणि त्याच क्षणी टेप मिटायची. मला म्हणायचात, "माणूस हसतो तेव्हा त्याचं खरं माप असतं." मी कोपऱ्यातल्या स्टुलावर मापांची वही घेऊन बसलेला असायचो, एस.एस.एल.सी.चं, म्हणजे दहावीचं वर्ष, डोक्यात लघु आणि गुरू. एकदा तुम्ही विचारलंत, कवितेत अक्षर जास्त झालं तर काय करतात रे? मी म्हटलं, कापतात. तुम्ही तोंडातल्या टाचण्या काढून म्हणालात, "अक्षर कापता येतं. माणूस नाही कापता येत. म्हणून आत दोन बोटं कापड सोडायचं."

तर मी निळ्या फळीवर चढलो. आधी गुडघ्यांवर, मग एक पाऊल, मग दुसरं. काठावरचा माणूस हळू, हळू म्हणून ओरडत होता, "निधान सार, निधान!" नात शेजारच्या फळीवरून सांगत होती, "खाली नका बघू, लांब बघा." आणि मी उभा राहिलो, अण्णा. खाली जमीन नसताना. पाच आकडे मोजून होतील इतका वेळ. समोर पाणी, त्याच्या पलीकडे निलगिरीची झाडं, आणि मला सातवीतल्या कवितेची एक ओळ आठवायला लागली. मग पावलं गार लागली. फळी मधोमध केळीच्या पानासारखी वाकली होती आणि पाणी तिच्यावर चढत होतं. ओळ पूर्ण व्हायच्या आत मी तळ्यात होतो. अंगात तरंगणारं जाकीट होतं, मला काही झालं नाही. खांदा थोडा दुखावला, एवढंच.

पण काठावर आल्यावर तिथला मुख्य शिक्षक सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "घरच्या माणसाचं माप कळत नाही आणि परीक्षा द्यायला निघालीस?" येत्या रविवारी तिची शिक्षक होण्याची परीक्षा आहे. वर्षभर पहाटे उठून ती त्यासाठी एवढ्या लांब जाते. तिला वाटलं असतं तर म्हणाली असती की आजोबांनी सांगितलेल्या आकड्यावर फळी दिली. ती म्हणाली, "माझंच चुकलं, सर." मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, तुमच्या सुनेने दिलेला कोरडा टॉवेल गुंडाळून. आणि गप्प राहिलो.

"माझंच चुकलं." अण्णा, हे दोन शब्द मी याआधीही असेच ऐकले होते. तो नवरदेव आठवतो? साखरपुड्याचा कोट? सकाळी घालून बघायला आला आणि छातीवर बटण लागेना. त्याचे वडील म्हणाले, "अण्णा, माझ्या लग्नाचा कोट तुम्हीच शिवला होतात. आणि मुलाच्या वेळी हे?" तुम्ही वही उघडलीत. छाती छत्तीस. त्याला टेप लावलीत. अडतीस. वहीकडे एकदा, टेपकडे एकदा पाहिलंत आणि म्हणालात, "माझंच चुकलं. संध्याकाळी घेऊन जा." दुपारी जेवलाही नाहीत. शिवणी उसवून, आत सोडलेलं दोन दोन बोटं कापड बाहेर काढून कोट पुरा केलात.

तुम्ही अडतीसच म्हणाला होतात. मी नीट ऐकलं होतं. 'उंची एकोणतीस, खांदा सतरा, छाती अडतीस' असं तुम्ही सांगत होतात आणि मी मनात त्याची ओळ करत होतो. छातीला छत्तीस शोभत होतं. दोन छ शेजारी आले की कानाला किती गोड लागतं! अनुप्रास आम्हाला त्याच आठवड्यात शिकवला होता. हात छत्तीस लिहून गेला. त्या दिवशी मी बोललो असतो तर तुम्ही फार तर टपली मारली असती. मी बोललो नाही, आणि तुम्ही दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाची छाती दोनदा मोजायला लागलात. शेवटपर्यंत. गिऱ्हाईक गेल्यावर ओठांत पुटपुटायचात, "अडतीस म्हणालो ना मी?" तुमचा स्वतःच्या तोंडावरचा विश्वास राहिला नव्हता, आणि तो मी एका अनुप्रासासाठी घालवला होता. वहीतलं अक्षर माझं होतं. तुम्हाला संशय आला होता का? इतकी वर्षं मी हेच कुतूहल घेऊन बसलोय. कधी वाटतं कळलं असेल. कधी वाटतं कळलं असतं तर दोनदा कशाला मोजलं असतंत?

काल नातीच्या आईचा फोन आला होता. पोरगी परीक्षेतून नाव काढून घेते आहे, आज दुपारपर्यंत कळवायचंय. "म्हणते, मला माणसाकडे बघून अंदाजच येत नाही." फोन ठेवला आणि मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. तिथे वजनकाटा आहे. चपला काढल्या, किल्ल्या बाहेर ठेवल्या, चष्मासुद्धा काढला आणि पोट आत ओढून उभा राहिलो. दुकानातली मुलगी म्हणाली, "अंकल, श्वास घ्या. त्याने वजन कमी होत नाही." आकडा पाहिला. घरी आल्यावर नातीला फोन लावायला तीनदा घेतला आणि तीनदा ठेवला. चूक कबूल करायची लाज वाटत होती म्हणावं, तर तसंही नाही. पहिल्यांदा आकड्याचीच वाटत होती. मग म्हटलं आधी तुम्हाला लिहावं, हात सुटेल. पण बघा, दोन पानं झाली तरी आकडा अजून लिहिलेला नाही.

घंटा वाजली. बुधवारी सकाळी कोण असणार, इस्त्रीवाला असेल म्हणून मीच उठलो. दार उघडलं तर नात. के. आर. पुरमहून, दोन बस बदलून, ऑफिसची बॅग पाठीला. मी पोट आत घेऊन उभा. मग ती गंभीरपणे म्हणाली, "आजोबा, तळ्यातल्या बदकांनी निरोप दिलाय. म्हणतात, त्या दिवशी एवढी मोठी लाट आली, आमची पिल्लं थेट पलीकडच्या गावात पोचली. परत येणार असाल तर आधी कळवा." मला हसू आवरेना. खदखदून हसलो, खांदा दुखेपर्यंत. आणि हसता हसता लक्षात आलं की ती माझ्या तोंडाकडे बघतच नाहीये. ती माझ्या शर्टाच्या चौथ्या बटणाकडे बघत होती.

"पाणी बोर्डवर चढलं होतं," ती म्हणाली. "बहात्तर किलोला चढत नाही. कालपासून विचार करतेय. आता सांगा."

तिला हे कोणी शिकवलं, अण्णा? मी तर तुमची ही युक्ती तिला कधी सांगितली नव्हती.

चष्मा आणतो म्हणून आत आलोय. ती अजून उंबऱ्यावरच उभी आहे, चप्पल काढलेली नाही, हातात फोन. कोणाला तरी कळवायचं राहिलंय. हे पान वहीतच राहील. पण तिच्याकडे जायच्या आधी इथेच, ही तुमची मापांची वही समजून, दोन ओळी दुरुस्त करून जातो. नवरदेवाची छाती, अडतीस. तुम्ही बरोबर सांगितली होतीत. आणि माझं वजन, चपला काढून, श्वास सोडून, चौऱ्याऐंशी.